काळी, पांढरी आणि पप्पांचे टायर

मे महिन्यात आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीत माझी अख्खी करंगळी जायची. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघते आणि तिरकी खाली फरशीपर्यंत येते. जुलै संपेपर्यंत ती जवळजवळ मिटते, पण मग मागचं दार लागत नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचीच घरं अशी उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात. पप्पांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून तारखा लिहून ठेवल्यात. पहिली तारीख २००६ ची आहे, घर बांधल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याची.

आमचं गाव परभणीकडचं, तालुक्याचं. आजीने घर बांधायच्या आधीच सांगितलं होतं म्हणे, की काळीत घर बांधू नका. जुन्या गावांची रचना अशीच होती. घरं पांढरीत, शेतं काळीत. गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणायचे आणि शेताच्या जमिनीला काळी. पण पांढरीतली जागा संपली, शेतं एनए झाली, त्यांचे प्लॉट पडले आणि आम्ही काळीत राहायला गेलो. आजी मरेपर्यंत त्या भेगेकडे बघून फक्त "हं" म्हणायची.

घराच्या मागे टायर होते. पप्पांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. आधी सायकल-मोटरसायकलचं होतं, मग ट्रक-ट्रॅक्टरचंही सुरू झालं. गिऱ्हाईक नवा टायर टाकतं आणि जुना तिथेच सोडून जातं. रिमोल्ड होण्यासारखा असेल तर रिमोल्डवाला नेतो. नसेल तर तो आमच्या घरामागे येतो. टायरचे उपयोग मला लहानपणापासून पाठ आहेत. गुरांची गव्हाण, पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवायचं वजन, चपलांचे तळवे, झोका, तुळशीचं आळं. पण एवढ्या उपयोगांनंतरही ढीग वाढतच होता. वीटभट्टीवाले जाळायला मागायचे. पप्पा कधी द्यायचे, कधी नाही. दिले की त्या दिवशी घरात फारसं बोलायचे नाहीत.

मी नववीत होते तेव्हा माझ्या भावाला डेंग्यू झाला. प्लेटलेट कमी झाल्या, त्याला नांदेडला न्यावं लागलं. तो वाचला. नंतर नगरपरिषदेची माणसं आली, टॉर्च घेऊन एकेका टायरमध्ये बघत फिरली. साचलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. टायरचा आकारच असा आहे की तो कसाही ठेवला तरी आत पाणी धरतो. त्या रात्री पप्पा ड्रिल घेऊन मागे गेले आणि प्रत्येक टायरला भोकं पाडत बसले. पहाटेपर्यंत आवाज येत होता. त्यावर आमच्या घरात कुणी कधी काही बोललं नाही.

पुढे मी सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यातल्या एका कॉलेजात एमटेकला गेले. जिओटेक्निकल, म्हणजे मातीचं शास्त्र. दुसऱ्या वर्षी मॅडमनी प्रबंधाच्या विषयांची यादी पुढे ठेवली. त्यात एक ओळ होती : टायरच्या तुकड्यांनी काळ्या मातीचं बळकटीकरण. मी दुसऱ्या विषयाकडे बघितलंसुद्धा नाही. घरामागचा ढीग आणि घरातली भेग, दोन्हींचं उत्तर एकाच ओळीत लिहिलेलं होतं.

आधी काळी माती अशी का वागते ते सांगते. दख्खनचा बेसाल्ट झिजून ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पत्त्यांच्या कॅटसारखे त्याचे पातळ थर असतात. पाणी त्या थरांमध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं, म्हणून माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, माती आकसते आणि शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. कापसाला हे चालतं. घराला चालत नाही, कारण घराच्या कडेची माती आधी सुकते आणि मधली ओलीच राहते. पायाची एक बाजू खचते, दुसरी खचत नाही. मग भिंत तिरकी फाटते.

आता टायरचं. फ्रेंच इंजिनिअर आंरी विदाल याने १९६० च्या दशकात मातीत पट्ट्या घालून भिंती उभारण्याची पद्धत रूढ केली. आज आपल्याकडे उड्डाणपुलांच्या दोन्ही टोकांना काँक्रीटच्या तुकड्या-तुकड्यांच्या उभ्या भिंती दिसतात, त्या याच कल्पनेतून आलेल्या. मातीला दाब सहन होतो, ताण होत नाही. तिच्यात ताण सहन करणारं काही घातलं, तर माती घसरायला लागते त्याच क्षणी ते ताणलं जातं आणि तिला धरून ठेवतं. मला हे वर्गात पहिल्यांदा कळलं तेव्हा आजी आठवली. भिंत लिंपायच्या चिखलात ती भुसा मिसळायची. "नुसती माती सुटती, काडी तिला धरती," म्हणायची. टायरचा लांबट तुकडा म्हणजे न कुजणारी काडी.

रबराचे आणखीही गुण आहेत. मातीचा कण पाण्याच्या २.७ पट जड असतो, टायरचं रबर जेमतेम १.१ ते १.२ पट. म्हणजे तेवढ्याच जागेत भराव खूप हलका होतो. खाली दलदलीसारखी मऊ जमीन असेल किंवा भिंतीमागे भरायचं असेल, तर हलकेपणा कामी येतो. तुकड्यांच्या थरातून पाणी पटकन निघून जातं. धक्केही शोषले जातात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात लाइट रेलच्या रुळांखाली टायरच्या तुकड्यांचा थर घातलाय, शेजारच्या घरांना कंपनं जाणवू नयेत म्हणून.

मी पप्पांना फोनवर हे सगळं सांगितलं. पप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या भंगाराला किंमत हाये म्हण की." पुढच्या आठवड्यात एसटीने दोन पोती आली. पप्पांनी मोटरसायकलचे टायर स्वतःच्या हाताने, साबणाचं पाणी लावत, सुरीने बारीक कापले होते. तार असलेले तुकडे वेगळ्या पिशवीत, बिनतारेचे वेगळ्या. एवढं नीट वर्गीकरण बघून लॅबमधले मामा म्हणाले, "तुझे वडील लॅब असिस्टंट आहेत का?"

लॅबमधली पहिली फजिती रॉकेलची. माती किती फुगते हे बघायची एक साधी चाचणी आहे. दहा ग्रॅम चाळलेली माती एका नळकांड्यात पाण्यात टाकायची, दहा ग्रॅम दुसऱ्यात रॉकेलमध्ये. चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोघींच्या आकारमानातला फरक म्हणजे मातीचा स्वभाव. आमच्या प्लॉटची माती मी मुद्दाम आणली होती. रॉकेलमधली तळाशी गप्प बसून होती आणि पाण्यातली तिच्या दुपटीच्याही वर चढली होती. काचेच्या नळीत मला आमचं मागचं दार दिसलं.

मग मी रबराचा बारीक चुरा मिसळलेली माती तशीच लावली. दुसऱ्या दिवशी बघते तर रॉकेलमधलीच फुगलेली. मी दोनदा करून बघितलं, तरी तेच. शेवटी पप्पांना फोन केला. ते हसायलाच लागले. "अगं, रॉकेल लागलं की ट्यूब फुगती, ढिली पडती. पंक्चरवाल्याच्या पोरीला एवढं माहीत नाही?" दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि चार आयएस कोड पालथे घालून मला जे सुचलं नाही, ते पप्पांना पाना हातात धरल्यापासून माहीत होतं. मिश्रणासाठी ही चाचणी कामाची नाही, असं मी वहीत लिहिलं. त्याऐवजी फक्त पाण्याखाली, वजन ठेवून फुगवटा मोजला. रबर पाणी पीत नाही आणि मातीची जागा घेतं, म्हणून फुगवटा कमी झाला. अपेक्षेप्रमाणे.

मग ताकदीच्या चाचण्या. प्रॉक्टरमध्ये माती साच्यात तीन थरांत भरायची आणि प्रत्येक थरावर २.६ किलोचा हातोडा पंचवीस वेळा सोडायचा. नुसत्या मातीवर हातोडा धप्प बसतो. रबर वाढत गेलं तसा तो उसळायला लागला. हाताला ते आकड्यांच्या आधी कळत होतं. माझा मार खाली पोहोचत नव्हता, अर्धा परत येत होता. सीबीआरमध्ये, म्हणजे रस्त्याखालची माती किती दाब पेलते याच्या चाचणीत, पाच टक्के तुकड्यांना आकडा थोडा वर गेला. दहाला जेमतेम तेवढाच राहिला. वीसला नुसत्या मातीच्याही खाली घसरला.

कारण समजायला अवघड नाही. थोडे तुकडे असले की प्रत्येक तुकड्याला सगळीकडून मातीने पकडलेलं असतं. तुकडे वाढले की रबर रबराला टेकतं, माती मधल्या फटींत नुसती भरलेली उरते आणि सगळं गादीसारखं दबतं. वाळूत ही मर्यादा बरीच पुढे असते. वाळूबरोबरच्या प्रयोगांत आकारमानाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत तुकडे घालूनही ताकद वाढलेली दिसते. चिकण काळ्या मातीत ती लवकर येते. काडी धरते हे खरं, पण काड्याच काड्या झाल्या तर ती भिंत राहत नाही, गंजी होते.

मला तो वीस टक्क्यांचा आकडा नको होता. गावात पप्पांनी सांगून ठेवलं होतं, की पोरगी टायरपासून रस्ते बनवायचं शोधून काढतीये. मी मॅडमना विचारलं, आलेख दहापर्यंतच दाखवला तर चालेल का? तेवढीच व्याप्ती आहे असं लिहू. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "वीस तू गाळलंस, तर तुझा प्रबंध वाचून उद्या कुणीतरी वीस टाकेल."

त्यांनीच मला वॉशिंग्टन राज्यातल्या रस्त्यांबद्दल वाचायला लावलं. १९९५ मध्ये तिथे दोन ठिकाणी रस्त्याचे भराव टायरच्या तुकड्यांनी केले. एका ठिकाणी तुकड्यांचा थर आठ मीटरच्या आसपास जाड होता, दुसऱ्या ठिकाणी पंधराच्या आसपास. पाण्याचा निचरा होणारा, हलका, स्वस्त आणि वर हजारो टायर एका फटक्यात मार्गी. काही महिन्यांतच रस्त्यातून वाफ यायला लागली. तुकड्यांतल्या उघड्या तारा गंजताना उष्णता निघते. जाड ढिगात ती बाहेर पडत नाही आणि आतल्या आत तापत जाते. रस्ते आतून पेटले. त्यानंतर जे नियम आले त्यांत एका थराची जाडी तीन मीटरपेक्षा जास्त नको, बारीक चुरा आणि उघड्या तारा कमी हव्यात, आत हवा-पाणी खेळू देऊ नये, अशा अटी आहेत. त्या नियमांनुसार केलेली कामं टिकली आहेत. म्हणजे तंत्र खोटं नव्हतं. पण पंधरा मीटरचा थर घालणाऱ्याच्या डोक्यात रस्ता किती होता आणि टायर संपवणं किती होतं, हा प्रश्न मला पडला.

आपल्याकडे यासाठी दोन क्रियापदं आहेत : वापरणं आणि जिरवणं. वापरायला किती लागतं ते आधी ठरवावं लागतं. जिरवायला किती आहे तेवढंच बघावं लागतं.

प्रबंध जमा करायला महिना उरला असताना पप्पांचा फोन आला. काकांचं घर सुरू झालं होतं, आमच्याच ओळीत, त्याच काळीत. पप्पा खूश होते.

"जोत्यात आपले टायर टाकायचं ठरवलंय. अख्खे. दोनशे तरी बसतील. वरून माती टाकली की झालं. मुरमाचे पैसे वाचतात, मागचा ढीगबी जातो. तूच म्हणलीस ना, मातीला बळ येतं."

माझ्या पोटात गोळा आला. मॅडमचं 'कुणीतरी' माझ्याच घरात निघालं होतं, आणि तेही वीस नाही, शंभर टक्के टाकायला निघालं होतं.

मी म्हणाले, "पप्पा, टायर दबतात. फरशी खचेल. अख्ख्या टायरात पोकळी राहते, पाणी साठतं. त्या पाण्याने कडेची काळी आणखी फुगेल."

"दबत्यात तर काय? ट्रक उभा राहतो की त्याच्यावर, वीस-वीस टनाचा."

"ट्रक टायरवर नाही, हवेवर उभा राहतो. तुम्हीच सांगता सगळ्या गिऱ्हाइकांना."

हे वाक्य पप्पांचं आहे. हवा कमी ठेवून गाडी पळवणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी ते ऐकवलंय. ते गप्प झाले. मग मागून काकांचा आवाज आला, काहीतरी पैशांचं. पप्पा म्हणाले, "मग दोन वर्षं शिकलीस कशाला? नाही म्हणायला?" आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी झोपले नाही. मला पप्पांचा राग आला नव्हता. मी त्यांना ऐकवलं तेवढं खरं होतं, पण अर्धं होतं. पहिल्या फोनवर मी 'बळ येतं' एवढंच सांगितलं. किती टाकल्यावर, कसे कापल्यावर, कुठल्या मातीत, कशाखाली, हे सांगितलंच नव्हतं, कारण तेव्हा मलाही ते नको होतं. मला ढिगाचं उत्तर हवं होतं. भावाच्या डेंग्यूचं, त्या ड्रिलच्या आवाजाचं उत्तर हवं होतं.

शनिवारी मी गावाला गेले. सोबत काही पुस्तकं नेली नाहीत, दोन साचे नेले. एकात नुसती माती ठोकलेली, दुसऱ्यात वीस टक्के रबर. अंगणात पप्पांसमोर ठेवले आणि म्हणाले, अंगठ्याने दाबून बघा. पप्पांनी दाबलं. दुसरा दबला आणि थोडा परत आला. त्यांनी पुन्हा दाबलं. टायर हाताळलेल्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. मग मी काकांना मुरमाचं सांगितलं. आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टींनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर दाबून बसवायची पद्धत दिली, तिचा उपयोग काळ्या मातीतल्या कालव्यांच्या कामांत झालाय. आपल्याकडे चांगला मुरुम तेच काम करतो. काळी काढायची, मुरुम थराथराने भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवायचा. काकांचा खर्च वाढला. पुढचे पाच-सहा महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. जोत्यात टायर गेले नाहीत.

आमच्या घराला आता खालून काही करता येत नाही. मी एवढंच केलं, की घराच्या चारी बाजूंनी चार फूट रुंद फरशीचा उताराचा पट्टा करून घेतला आणि पत्र्याचं पाणी पाइपने लांब सोडलं. घराच्या कडेची माती एकदम सुकू नये आणि एकदम भिजू नये, एवढाच हेतू. भेग गेली नाही. पण गेल्या मे महिन्यात माझी करंगळी नखापर्यंतच गेली. पप्पांनी तारीख लिहिली.

प्रबंधात वीसचा आकडा आहे. आलेखाची रेघ आधी वर जाते, मग खाली येते. शेवटच्या प्रकरणात मी आणखी एक परिच्छेद घातला, टायरमधून पाण्यात काय उतरतं याचा. रबर तडकू नये म्हणून टायरमध्ये एक रसायन घालतात. ओझोनशी त्याची प्रक्रिया होऊन जे दुसरं रसायन बनतं, ते रस्त्यावरच्या टायरच्या कणांबरोबर ओढ्यांत जातं आणि कोहो सॅमन मासे मरतात, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. जमिनीत गाडलेला तुकडा रस्त्यावर घासल्या जाणाऱ्या टायरसारखा झिजत नाही, हे खरं. तरी विहिरीशेजारी, भूजलाच्या पातळीखाली तो टाकू नये, असं मी लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही या पद्धतीच्या बाजूने आहात की विरोधात?" मी म्हणाले, पाच टक्क्यांच्या बाजूने आहे. ते हसले, पण मी विनोद केला नव्हता.

सध्या मी एका रस्त्याच्या कामावर आहे. तिथे अजून टायरचा एकही तुकडा टाकलेला नाही. एका ठिकाणी मोरीच्या भिंतीमागे उंच भराव आहे आणि खालची माती मऊ आहे. तिथे हलक्या भरावाचा पर्याय म्हणून मी तुकड्यांचा थर सुचवलाय, तीन मीटरच्या आतला, कापडात गुंडाळलेला, वर मातीची टोपी असलेला. हिशेब करून दिलाय. निर्णय व्हायचाय.

ढीग अजून घरामागेच आहे, पण कमी झालाय. २०२२ पासून टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी आली. मी पप्पांना नोंदणी असलेल्या रिसायकलरची यादी काढून दिली. महिन्यातून एकदा टेम्पो येतो. वीटभट्टीवाल्यांना पप्पा आता नाही म्हणतात. जे उरतात त्यांच्यावर ताडपत्री असते.

मागच्या दिवाळीत दुकानात बसले होते. एक ट्रॅक्टरवाला आला, मागचे टायर पार गुळगुळीत झालेले. तो पप्पांना म्हणाला, "हे जुने आमच्या नव्या घराच्या पायात टाकावं म्हणतो. मजबुती येती म्हणे." पप्पांनी पाना खाली ठेवला.

"किती टाकणार?"

"हायेत तेवढे."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. टॉमी उचलली, टायर रिमवरून सोडवायला घेतला आणि म्हणाले, "मग नको. बस, चहा घे. सांगतो."